मांजरीचा माज : लक्षणे, गैरसमज व व्यवस्था

गाय-म्हशींच्या माजाकडे शेतकरी डोळ्यांत तेल घालून लक्ष देतो. परंतु त्याच घरात कणगीची राखण करणारी मांजरी माजावर आली, तर ती आजारी आहे, तिला विषबाधा झाली आहे किंवा तिचे रडणे घरास अशुभ आहे, असे समजले जाते. या गैरसमजापायी तिला मारले जाते, पोत्यात घालून दूर सोडले जाते किंवा तिला भलतेच औषध पाजले जाते. या सर्वांत नुकसान होते ते घराचेच.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील मिरजगाव व त्याच्या भोवतालचा मुलूख कमी पावसाचा व रब्बी ज्वारीचा आहे. माघ-फाल्गुनात मालदांडीची काढणी-मळणी होऊन वर्षाचे धान्य घरात येते व कडब्याच्या गंजी रचल्या जातात. धान्यामागोमाग उंदीर येतात. नेमक्या याच दिवसांत मांजरीचा माजही दिसू लागतो. सबब त्याची ओळख प्रत्येक घरास असणे इष्ट होय.

माज केव्हा व का येतो

मांजरीचा माज दिवसाच्या उजेडाशी निगडित आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास दिवस मोठा होऊ लागतो. त्या वाढत्या उजेडाने मेंदूतून अंडाशयास चालना मिळते. आपल्याकडे लहान व मोठ्या दिवसांतील अंतर थोडे असल्यामुळे वर्षाच्या इतर महिन्यांतही माज येऊ शकतो. मांजरी पहिल्यांदा साधारणतः सहाव्या महिन्याच्या सुमारास माजावर येते. काही चौथ्या महिन्यातच येतात.

गाय व मांजरी यांच्यात एक मोठा भेद आहे. गाईचा माज एक दिवसाच्या आत ओसरतो व वळू लागो वा न लागो, तिचे बीज आपोआप सुटते. मांजरीचे बीज बहुधा बोक्याशी संग झाल्यावरच, एक ते दोन दिवसांत सुटते. बोका न भेटल्यास माज सुमारे आठवडाभर टिकतो, ओसरतो आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येतो. यामुळेच घरात कोंडलेली मांजरी महिनोन् महिने वरचेवर ओरडत असल्याचे आढळते.

वागणुकीतील बदल

माजावरील मांजरी रात्रंदिवस लांब, आर्त सुरात ओरडते. ती जमिनीवर लोळते. माणसाच्या पायांस, उंबऱ्यास व खांबास अंग घासते. पाठीवरून हात फिरविल्यास पुढील भाग खाली दाबून कंबर उचलते, शेपटी एका बाजूस घेते व मागचे पाय जागच्या जागी नाचविते. तिचे खाण्यावरील लक्ष उडते. काही मांजरी भिंतीवर किंवा पोत्यांवर मूत्राचे फवारे मारतात. एरवी घर न सोडणारी मांजरी खिडकीतून वा कौलातून बाहेर पडू पाहते. गाईप्रमाणे काचेसारखा चिकट स्राव मात्र हिच्यात सहसा दिसत नाही.

माज व आजार यांतील भेद

माजावरील मांजरी चपळ असते व माणसाजवळ येते. उलट वांती, तोंडाला फेस, झटके किंवा धाप ही विषबाधेची चिन्हे होत. थेंब थेंब लघवी, कुंथणे वा रक्त पडणे हा मूत्रमार्गाचा विकार समजावा. माजानंतर काही आठवड्यांनी मांजरी मलूल झाली, पाणी फार पिऊ लागली, पोट फुगले किंवा मायांगातून घाण वाहू लागली, तर गर्भाशयात पू झाल्याचा संशय घ्यावा. अशा प्रत्येक वेळी विनाविलंब पशुवैद्यास दाखवावे.

व्यवस्था

१. माजाची तारीख दिनदर्शिकेवर टिपून ठेवावी व ते दिवस मांजरीस आत ठेवावे. दार थोडा वेळ उघडे राहिले तरी ती बोक्यापर्यंत पोहोचते.

२. ती वेदनेने ओरडते असे समजून माणसांच्या गोळ्या देऊ नयेत. पॅरासिटामॉल हे मांजरास विष आहे. माणसांच्या संततिप्रतिबंधक गोळ्यांनी गर्भाशयाचे व स्तनांचे गंभीर विकार उद्भवू शकतात.

३. मारझोड करू नये. माज त्याने थांबत नाही. उपासमार होईल अशा स्थितीत पाळीव जनावर सोडून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये गुन्हा आहे.

४. माजाच्या दिवसांत बोक्यांच्या झुंजी होतात व चावे बसतात. म्हणून मांजरास रेबीजची लस टोचून घ्यावी. माणसास चावा वा ओरखडा झाल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी दवाखान्यात जावे.

कायमचा उपाय

मांजरीचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असतो व पिल्ले अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. वर्षातून दोन वेळा व्याली व दर खेपेस चार पिल्ले धरली, तरी आठ तोंडे वाढतात. त्यांतील माद्या वर्षाच्या आत स्वतः व्यावयास लागतात. एवढ्यांस पोसणे कोणासही शक्य नसते व बहुतेक पिल्लांचे हाल होतात.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे अंडाशय व गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया. ती पहिल्या माजापूर्वी, पाचव्या महिन्याच्या सुमारास करणे उत्तम. माजाच्या दिवसांत रक्तस्रावाचे भय अधिक असल्याने, तातडी नसल्यास माज ओसरू द्यावा. मांजराची ही शस्त्रक्रिया प्रत्येक ग्रामीण दवाखान्यात होईलच असे नाही. म्हणून प्रथम जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. शस्त्रक्रियेनंतर सुमारे दहा दिवस मांजरीस घरात, कोरड्या जागी ठेवावे व टाके चाटू देऊ नयेत.

शस्त्रक्रिया केलेली मांजरी उंदीर धरीत नाही, ही समजूत चुकीची आहे. शिकारीची वृत्ती माजावर अवलंबून नसते. तिचे वजन वाढू नये म्हणून खाणे मात्र बेताचे ठेवावे. घर सोडून भटकण्याची ओढ संपल्याने ती कणगीपाशी अधिक टिकते. शेतकरी बंधू-भगिनींनी येत्या ज्वारीच्या काढणीपूर्वीच या कामाची व्यवस्था करून ठेवावी.