चॅटबॉटला विचारा, पण खात्री करून घ्या



कुळगावजवळच्या वाडीतली एक कातकरी मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात कॉलेज पाहिलेले कोणी नाही, म्हणून पुढचे ती मोबाइलवरच्या चॅटबॉटला विचारते. त्याने बी.एड., समाजकार्य, स्पर्धा परीक्षा असे मार्ग नीट सांगितले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली, असेही सांगितले. ती गप्प बसली. मी तिच्यासोबत महाडीबीटी उघडले, तर चार दिवस बाकी होते!

चॅटबॉट शब्दांची जुळणी करून उत्तर देतो. माहिती जुनी असू शकते. म्हणून मार्ग त्याला विचारा, मुदत आणि पात्रता महाडीबीटीवर किंवा आदिवासी प्रकल्प कार्यालयात तपासा. आधार क्रमांक, ओटीपी त्याला देऊ नका.

मंडळीतल्या नोकरदारांनो, महिन्यातून एक तास या मुलांजवळ बसाल का?