यंत्राला थांबायलाही शिकवावं लागतं

मोठ्या कंपन्यांच्या आयटी विभागांसाठी क्लाउडवरची कामं आपोआप होतील अशी व्यवस्था उभी करणं, हा माझा व्यवसाय. बरीच वर्षं पुण्यात राहून केला, आता नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्यात राहून करतो. गावात कुणी विचारलं, की ‘म्हणजे नेमकं काय करता?’, तर मी जुन्या काळापासून सांगायला लागतो. पूर्वी कंपनीला एक सर्व्हर हवा असला तर मागणीचा कागद निघायचा, कोटेशनं यायची, खरेदी व्हायची, मग खोकं यायचं, ते रॅकमध्ये बसायचं. महिने जायचे. आता तेच काम क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या केंद्रातल्या भाड्याच्या संगणकांवर, फाइलमधल्या चार ओळींनी काही मिनिटांत होतं. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात, ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली क्लाउड केंद्रं सुरू केली, आणि बँका, विमा कंपन्या, कारखाने एकेक करून तिकडे वळले.

पण जे मिनिटांत उभं राहतं ते मिनिटांत पाडताही येतं. म्हणून या कामात माझी सर्वांत जास्त बुद्धी खर्च होते ती यंत्राने काय करू नये आणि कुठे थांबावं, हे ठरवण्यात. पुढचं सगळं त्याच अनुभवातलं आहे.

१. आधी माणसाच्या डोक्यातलं उतरवून घ्या

एका कारखान्याच्या आयटी विभागात निवृत्तीला आलेले एक गृहस्थ होते. सगळे त्यांना काका म्हणत. रात्री सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करायचे, तर कोणता आधी, कोणता नंतर, मध्ये किती वेळ थांबायचं, हे फक्त त्यांना माहीत. कंपनीला ते काम आपोआप व्हायला हवं होतं आणि आमच्याकडे त्यासाठीची साधनं तयार होती. तरीही पहिले कित्येक दिवस आम्ही कोडची एक ओळ लिहिली नाही. काकांजवळ बसून विचारत राहिलो.

त्यांच्या बोलण्यातून बाहेर आलेल्या गोष्टी कुठल्याही कागदावर नव्हत्या. महिनाअखेरीला हिशोब बंद होईपर्यंत अमुक सर्व्हरला हात लावायचा नाही. गोदामाचा प्रोग्राम सुरू झाल्यासारखा दिसतो, पण त्यानंतरही थोडा वेळ तो कामाला तयार नसतो. प्रत्येक ‘नाही’ला एक कारण होतं आणि ते कारण काकांना घटनेसकट आठवत होतं. आम्ही ते कारणासकट लिहून घेतलं. आज त्या व्यवस्थेतला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. अशा माणसांना ‘जुन्या पद्धतीचे’ म्हणून बाजूला सारणाऱ्या कंपन्या मी पाहिल्या आहेत. ते पाहताना मला मनापासून वाईट वाटतं.

२. ‘हे कर’ म्हणू नका, ‘हे असं हवं’ म्हणा

स्क्रिप्टमध्ये ‘पाच सर्व्हर तयार कर’ असं लिहिलं आणि ती चुकून दोनदा चालली, तर दहा सर्व्हर होतात. ‘पाच सर्व्हर असले पाहिजेत’ असं लिहिलं, तर ती शंभरदा चालवली तरी पाचच राहतात. आधी काय आहे ते बघायचं आणि फक्त कमी-जास्त असेल तेवढंच दुरुस्त करायचं, हा विचार मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या सीएफइंजिन या साधनापासून चालत आला आहे. पुढे २००५ मध्ये पपेट, २००९ मध्ये शेफ, २०१२ मध्ये ॲन्सिबल आणि २०१४ मध्ये टेराफॉर्म आलं. साधनं बदलत राहतील. २०२३ मध्ये टेराफॉर्मचा परवाना बदलला आणि त्यातून ओपनटोफू हा मुक्त फाटा निघाला, तेव्हा बरेच जण धास्तावले होते. ज्यांची मुळातली समज पक्की होती त्यांना त्याचा फारसा त्रास झाला नाही.

३. प्लॅन शेवटच्या ओळीपर्यंत वाचा

टेराफॉर्म काही करण्याआधी प्लॅन दाखवतं. किती नवीन होणार, किती बदलणार, किती नष्ट होणार. घाईतला माणूस शेवटचे आकडे बघतो आणि ‘यस’ टाइप करतो. पण काही बदल जागच्या जागी होत नाहीत. डेटाबेसची एखादी साधी वाटणारी सेटिंग बदलली, तर साधन जुना डेटाबेस पाडून नवा उभा करायचं ठरवतं. फाइलमध्ये बदल एका शब्दाचा असतो आणि प्लॅनमध्ये त्याचा अर्थ ‘सगळा डेटा जाणार’ असा असतो. तेही प्लॅनमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं, फक्त कुणीतरी वाचायला हवं.

आमच्या टीममध्ये सटाणा, कळवण, मालेगावकडची मुलंमुली आहेत. त्यांना मी प्लॅन मोठ्याने वाचायला लावतो. ‘दादा, एवढ्याशा बदलाला कशाला?’ असं सुरुवातीला प्रत्येक जण विचारतो. नष्ट होणाऱ्या प्रत्येक वस्तूचं नाव तोंडाने घेतलं की माणूस आपोआप थबकतो, हे त्यांना दोन-चार प्लॅननंतर कळतं. शिवाय डेटाबेस आणि साठवणीच्या जागांवर आम्ही ‘पाडायला मनाई’ असं कोडमध्येच लिहून ठेवतो. ती मनाई काढायची तर वेगळा बदल, वेगळा रिव्ह्यू आणि वेगळी मंजुरी. यात वेळ जातो, आणि तो जावा अशीच आमची इच्छा असते.

४. स्वतःच्या लॅपटॉपवरून काही चालवू नका

देवळ्यात वीज जाते. फायबर तुटतं. इन्व्हर्टर आणि दुसरं कनेक्शन असूनही कधी कधी दोन्ही एकदम जातात. बदल लॅपटॉपवरून चालू असताना असं झालं, तर अर्धं काम होऊन अर्धं राहतं, काय काय उभं आहे याची नोंद ठेवणाऱ्या स्टेट फाइलला लागलेलं कुलूप तसंच राहतं आणि बाकीची टीम अडकून पडते. त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक बदल पाइपलाइनमधून, म्हणजे तो टप्प्याटप्प्याने आपोआप लागू करणाऱ्या व्यवस्थेतून, जातो. ती क्लाउडमध्येच चालते. मी फक्त कोड पाठवतो, दुसरा माणूस तो तपासतो, पुढचं ती करते. माझ्या घरची वीज गेली तरी तिला पत्ता लागत नाही. शहरातल्या कार्यालयात बसणाऱ्यांना ही शिस्त ऐच्छिक वाटते, आम्हाला ती गावाने लावली. आता पुण्यातल्या टीमनेही ती उचलली आहे.

५. रात्री हाताने केलेलं सकाळी कोडमध्ये यावं

रात्री दोन वाजता बिलिंग बंद पडलं आणि ऑन-कॉलवरच्या मुलीने कन्सोलमध्ये जाऊन हाताने पोर्ट उघडला, तर तिने योग्यच केलं. पण सकाळी ते कोडमध्ये आलं नाही, तर पुढच्या वेळी साधन तो पोर्ट इमानाने बंद करील. कोड आणि प्रत्यक्ष यांच्यात पडलेल्या अशा फरकाला आम्ही ड्रिफ्ट म्हणतो. त्यावर रागावून उपयोग नसतो. रोज एकदा फक्त प्लॅन चालवून फरक दाखवणारी पाइपलाइन ठेवावी.

६. सगळ्यांनी एकदम उठू नये

आमच्या भागात शेतीला वीज पाळीपाळीने येते, बऱ्याचदा रात्री. उठून मोटार चालू करायला विहिरीवर जायचं, तेही बिबट्याच्या भीतीत, म्हणून शेतकऱ्यांनी पंपांना ऑटो स्विच बसवले. वीज आली की मोटार आपोआप चालू. सोय मोठी आहे आणि त्यामागची गरज खरी आहे. पण वीज येते त्या क्षणी एका रोहित्रावरचे सगळे पंप एकदम सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त वीज ओढते. सगळ्यांचा तो झटका एकत्र बसला की रोहित्र जळतं. म्हणून महावितरण पुन्हा पुन्हा आवाहन करतं, ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा.

आमच्या धंद्यातला एक अतिशय महत्त्वाचा धडा मी टीमला याच उदाहरणाने शिकवतो. एखादी सेवा बंद पडली की तिच्यावर अवलंबून असलेले शेकडो प्रोग्राम पुन्हा पुन्हा दार ठोठावत राहतात. ती सेवा उभी राहते त्या क्षणी सगळे एकदम आत शिरतात आणि ती पुन्हा कोसळते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनिया केंद्रात जे घडलं त्याच्या दुसऱ्या टप्प्यात हेच दिसलं. डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेचे पत्ते सांभाळणारी आपोआप चालणारी व्यवस्था होती. तिचे दोन भाग एकाच वेळी काम करत असताना मागे राहिलेल्या भागाने जुना आराखडा नव्यावर चढवला आणि दुसऱ्याने तो ‘जुना’ म्हणून पुसून टाकला. पत्त्याच्या जागी काहीच उरलं नाही. व्यवस्थेला हे स्वतःहून दुरुस्त करता येईना, शेवटी माणसांना हात घालावा लागला. डेटाबेस परत आल्यावरही त्रास संपला नाही, कारण सर्व्हर पुरवणाऱ्या सेवेवर राहिलेल्या कामाचा एवढा लोंढा आला की तीच घुसमटली. मग येणारं काम अडवून, थोडं थोडं सोडत ती सावरली.

यावरचा उपाय सोपा आहे. पुन्हा प्रयत्न करताना प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त थांबायचं आणि त्या थांबण्यात थोडा अनियमितपणा ठेवायचा, म्हणजे सगळे एकाच ठोक्याला उठत नाहीत. आणि ठरावीक प्रयत्नांनंतर गप्प बसून माणसाला हाक मारायची.

७. मर्यादा माणसाच्या लक्षात नव्हे, साधनात असाव्यात

२८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या एस-थ्री या साठवण सेवेतल्या एका कर्मचाऱ्याने ठरलेल्या पद्धतीनुसारच आज्ञा दिली, पण त्यात भरलेली एक गोष्ट चुकली. थोडे सर्व्हर काढायचे होते, बरेच जास्त निघाले, आणि असंख्य वेबसाइट तासन्‌तास बंद राहिल्या. नंतर कंपनीने जे केलं ते मला फार आवडतं. त्यांनी साधनच बदललं. ते आता सर्व्हर हळूहळू काढतं, आणि सेवेला लागणाऱ्या किमान क्षमतेच्या खाली जाऊ लागलं तर नकार देतं.

म्हणून आमच्या प्रत्येक व्यवस्थेत मी तीन प्रश्न विचारतो. एका वेळी जास्तीत जास्त किती बदलेल? दोन टप्प्यांत किती वेळ थांबेल? काय दिसलं तर स्वतःहून थांबेल? जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचं सदोष अपडेट जगभर जवळपास एकाच वेळी गेलं, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास प्रवाशांना मिळाले. तेच अपडेट आधी थोड्या संगणकांवर जाऊन थांबलं असतं, तर बातमीही झाली नसती.

८. रिकाम्या रकान्याला घाबरा

मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचं गूगल क्लाउडवरचं खाजगी क्लाउड नाहीसं झालं. सहा लाखांहून जास्त सभासद काही दिवस आपली खाती पाहू शकले नाहीत. कारण काय, तर ते उभारताना एका अंतर्गत साधनात एक रकाना रिकामा राहिला होता. साधनाने त्याचा अर्थ ‘एक वर्षाची मुदत’ असा घेतला आणि वर्ष भरताच सगळं आपोआप पुसलं. रकाना रिकामा असेल तर आमच्या साधनांनी पुढे जायचं नाही, विचारायचं, असा नियम मी तेव्हापासून सगळीकडे लावला आहे.

युनिसुपर सावरलं ते सुस्थितीत असलेल्या बॅकअपमुळे. उलट जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब या लोकांचे कोड सांभाळणाऱ्या कंपनीत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही नीट चालत नसल्याचं त्यांना त्याच रात्री कळलं. बॅकअप अयशस्वी झाल्याचे मेलही कुणापर्यंत पोहोचत नव्हते. सुदैवाने सहा तासांपूर्वीची एक प्रत हाती लागली. कंपनीने हे सगळं जगासमोर उघड मांडलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. बॅकअप झाल्याची हिरवी खूण मी पुरावा मानत नाही. वेगळ्या जागी डेटा परत उभा करून, त्यावर एखादा नेहमीचा रिपोर्ट काढून पाहिला तरच मानतो.

९. कायदाही कोडमध्ये लिहा

रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये सांगितलं, की पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायचा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते. हे परिपत्रकात राहिलं तर लेखापरीक्षणाच्या आधी धावपळ होते. कोडमध्ये असलं, तर भारताबाहेरच्या केंद्रात पेमेंटचा डेटाबेस उभा करायची विनंती पाइपलाइन जागीच नाकारते. नकाराबरोबर कारणही दिसायला हवं. नुसती लाल फुली दाखवणारा नियम लोक वळसा घालून टाळतात.

१०. बिल

सर्व्हर जितके तास चालू, तितकं बिल. आठवड्यात १६८ तास असतात. चाचणीचे सर्व्हर पाच दिवस रोज बारा तास लागतात, म्हणजे ६० तास. उरलेले १०८ तास ते आपोआप बंद ठेवा. आणि ज्याच्यावर मालकाच्या नावाचा टॅग नाही ते उभंच राहू देऊ नका.

११. शिकणाऱ्यांसाठी

सुट्टीत इंजिनिअरिंगची मुलं भेटायला येतात. ‘क्लाउडमध्ये जायचंय, कोणता कोर्स करू?’ असं विचारतात. मी त्यांना आधी लिनक्स, नेटवर्किंग आणि गिट शिकायला सांगतो. त्यासाठी शहर लागत नाही, क्लासची फी लागत नाही, जुना लॅपटॉप पुरतो. काहींना वाटतं की सगळं आपोआप होणार असेल तर माणसं कशाला लागतील. यंत्र कुठे थांबवायचं हे ठरवायला त्या कंपनीचं काम समजलेली माणसं लागतात आणि अशी माणसं मला आजही शोधावी लागतात.

मग क्लाउडचं खातं उघडायची वेळ येते. कार्ड बहुतेक वेळा वडिलांचं असतं, म्हणून पहिल्या दिवशी सर्व्हर उभा करू देत नाही. आधी खात्याला दुपदरी लॉगिन लावायचं, मग थोड्या रुपयांवर बिलाचा इशारा लावायचा, तो मेल खरोखर येतो का ते पाहायचं. त्यानंतर फाइलमध्ये एक छोटा सर्व्हर लिहायचा, उभा करायचा, आणि त्याच संध्याकाळी तो पाडून खातं पुन्हा रिकामं झाल्याचं मला दाखवायचं.