पेन्शन विकावी का?

प्रश्न : मी केंद्र सरकारी कर्मचारी. येत्या जूनमध्ये साठाव्या वर्षी निवृत्त होईन. मूळ पेन्शन ४०,००० रुपये बसेल. ४० टक्के विकली तर मिळणाऱ्या रकमेवर कर लागेल का? विकावी का?

उत्तर : सरकारी कर्मचाऱ्याला पेन्शन विकून, म्हणजे अंशराशीकरणातून, मिळणारी रक्कम पूर्ण करमुक्त आहे. तुमच्या बाबतीत महिन्याचे १६,००० रुपये कमी होतील. १६,००० गुणिले १२ गुणिले ८.१९४ (तुमच्या वयासाठी ठरलेला गुणक), म्हणजे १५,७३,२४८ रुपये एकरकमी हाती येतील.

आता दुसरी बाजू पाहा. ही कपात १५ वर्षे चालते, म्हणजे एकूण २८,८०,००० रुपये. व्याजाच्या हिशेबात हे सुमारे ९ टक्क्यांचे कर्ज झाले. म्हणून केवळ बँकेत मुदत ठेव करायला पेन्शन विकू नका. ठेवीचे व्याज कमी आणि त्यावर कर वेगळा. डोक्यावर महागडे कर्ज असेल, तर मात्र ते फेडायला जरूर विका.

दोन गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. महागाई भत्ता पूर्ण ४०,००० वरच मिळत राहतो. आणि मधेच तुमचे काही बरेवाईट झाले, तर उरलेली वसुली पत्नीच्या कुटुंब निवृत्तिवेतनातून होत नाही. घरात कमावते दुसरे कोणी नसेल, तर हा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो.

४० टक्के ही कमाल मर्यादा आहे. गरजेपुरते कमीही विकता येते. अर्ज मात्र निवृत्तीनंतर वर्षाच्या आत करा, नाहीतर वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागेल.