हाताचा इसब : मलमाआधी दिनक्रम तपासा

"डॉक्टर, या हातांचं काहीतरी करा, नाहीतर खानावळ बंद करायची वेळ येईल," असे म्हणत काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्या दवाखान्यात आल्या. वय चव्वेचाळीस. घरगुती खानावळ, रोजचे चाळीस-पन्नास डबे. दोन्ही तळव्यांना भेगा पडलेल्या, बोटांवर बारीक पुरळ, खाजवून खाजवून लस येत होती. लहानपणी अंगावर कधी पुरळ उठले नव्हते. डबा घेणाऱ्या दोन-तीन जणांनी "बाईंच्या हाताला काहीतरी रोग आहे" म्हणून डबा बंद केला होता.

मी घाईत पाहिले आणि नायट्याचे मलम लिहून दिले. हे माझे चुकले. पंधरा दिवसांनी त्या परत आल्या तेव्हा त्रास वाढलेलाच होता. मग मी त्यांना समोर बसवून विचारले, "सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तुमचे हात कशाकशात जातात, ते क्रमाने सांगा."

पहाटे भांडी घासण्याची पावडर, मग कणीक, पाच किलो कांदा चिरणे, लसूण सोलणे, टोमॅटो, दुपारी पुन्हा भांडी, संध्याकाळी कपड्यांचा साबणचुरा. आणि रात्री खाज थांबावी म्हणून कढत पाण्यात हात बुडवून बसणे! रोगाचे निदान त्या यादीतच होते. तो नायटा नव्हता, इसब होता.

इसब म्हणजे काय?

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. साबण, सोडा, कढत पाणी हा चुना धुऊन नेतात. भिंतीला फटी पडल्या की आतला ओलावा उडून जातो आणि बाहेरचे त्रासदायक पदार्थ आत शिरतात. शरीर त्यांच्याविरुद्ध खवळून उठते. त्वचा लाल होते, खाजते. खाजवले की भिंत आणखी ढासळते आणि खाज आणखी वाढते. हे चक्र तोडणे म्हणजेच इसबाचा उपचार.

काहींची त्वचा जन्मतःच कोरडी असते. घरात दमा किंवा वारंवार सर्दी-शिंकांचा त्रास असतो. पण पूर्वी काहीही त्रास नसताना चाळिशी-पन्नाशीतही इसब सुरू होऊ शकतो. महत्त्वाची गोष्ट ही, की इसब संसर्गजन्य नाही. हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने तो दुसऱ्याला होत नाही. हातावर उघडी जखम किंवा पू असेल तर मात्र ती बरी होईपर्यंत स्वयंपाकाचे काम दुसऱ्याकडे द्यावे. हा नियम कोणत्याही जखमेला लागू आहे.

आपले कारण शोधा

वाचकहो, एक वही घ्या आणि पंधरा दिवस रोज लिहा : आज हात कशात गेले, अंगाला काय लावले, खाज कधी वाढली. गवंड्याला सिमेंटचा त्रास होतो. खोट्या दागिन्यांतल्या निकेलने कान-मानेला, घड्याळाच्या पट्ट्याने मनगटाला इसब होतो. अंगठीखाली साबण अडकून राहतो, तिथेच प्रथम चट्टा उठतो.

शेतकरी बांधवांनी गाजरगवत लक्षात ठेवावे. १९५० च्या दशकात पुण्यात आढळलेले हे गवत आज बांधाबांधावर आहे. त्याचे सूक्ष्म कण हवेतूनही येऊन चेहरा, पापण्या, मान आणि कोपराच्या घडीत तीव्र इसब करतात. असा त्रास असणाऱ्याने हे गवत स्वतः उपटू नये. शेतात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, परतल्यावर अंघोळ करून कपडे बदलावेत. वाळलेले गवत जाळू नये.

रोजच्या सवयी

१. अंघोळ : कोमट पाण्याने, पाच ते दहा मिनिटांत. साबण फक्त काखा, जांघा आणि पायांना. घासणी, दगड नको. पाण्यात जंतुनाशक औषध टाकू नये, त्वचा अधिकच कोरडी पडते.

२. स्निग्धता : अंग टॉवेलने टिपून घ्या, रगडू नका. त्वचा किंचित ओली असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, साधी पेट्रोलियम जेली किंवा शुद्ध खोबरेल तेल लावा. सुगंधी क्रीम नको. मोहरीचे तेलही नको. हाताच्या इसबात प्रत्येक वेळी हात धुतल्यावर आणि झोपताना लावा. इसब दिसत नसला तरी हे चालू ठेवावे.

३. हातमोजे : भांडी-कपड्यांसाठी आत पातळ सुती मोजे आणि वर रबरी हातमोजे. एका वेळी पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त नको, आत घाम येतो. कांदा-लसूण चिरतानाही मोजे वापरावेत. कामाआधी अंगठी काढावी.

४. कपडे : सैल, सुती. लोकर आणि नायलॉन थेट अंगाला नको. कपडे स्वच्छ पाण्यात दोनदा खळबळून काढावेत.

५. खाज : नखे बारीक कापा. खाज सुटली की थंड पाण्यात भिजवून पिळलेले सुती फडके दहा मिनिटे ठेवा आणि नंतर तेल किंवा जेली लावा.

६. झोप आणि मन : जागरण आणि काळजी यांनी खाज वाढते. संध्याकाळी फिरणे, झोपण्याआधी थोडा वेळ शांत बसून दीर्घ श्वसन करणे याचा उपयोग होतो.

पथ्याबद्दल

"वांगे बंद, दही बंद, अंडी बंद" असे सल्ले सर्रास दिले जातात. मोठ्या माणसाच्या इसबात अन्न हे कारण क्वचितच असते. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी त्रास वाढतो असे वहीत दिसले, तर तेवढाच बंद करावा. बाकी भाकरी, डाळ, पालेभाजी, फळे सोडून अशक्तपणा ओढवून घेऊ नये.

तसेच 'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी असे समजू नका. लसूण वाटून चट्ट्यावर बांधल्याने कातडी भाजते.

मलमाची गोष्ट

दुकानातून "खाजेचे मलम द्या" म्हणून आणलेल्या ट्यूबमध्ये बहुधा स्टिरॉइड असते. चार दिवस आराम वाटतो. पण नायट्यावर ते लावले तर नायटा पसरतो. महिनोन्महिने लावले तर कातडी पातळ होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, ती याचसाठी. मात्र डॉक्टरांनी सांगितलेले मलम, सांगितले तेवढेच दिवस लावण्यात भीती नाही. सवयी या औषधाला पर्याय नाहीत; त्या औषधाची गरज कमी करतात.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

चट्ट्यातून पू किंवा पिवळी खपली येत असेल, ताप असेल, दुखऱ्या फोडांचे पुंजके उठले असतील, डोळ्याभोवती सूज असेल किंवा सर्वांग लाल झाले असेल, तर त्याच दिवशी जावे. मधुमेह्यांनी अधिक दक्ष राहावे. घरातल्या सर्वांनाच रात्री खाज येत असेल तर ती खरूज असू शकते. कडा उंचावलेले गोल चकंदळ नायट्याचे असते. घोट्याजवळ काळसर, खाजरा चट्टा आणि फुगलेल्या शिरा असतील तर उपचार वेगळा. आणि पन्नाशीनंतर प्रथमच उठलेला, उपचारांनी न हटणारा चट्टा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावाच.

त्या बाईंना योग्य मलम तीन आठवडे दिले. कांदा चिरायला आणि भांड्यांना त्यांनी मदतनीस ठेवली, हातमोजे आणले, रात्रीचे कढत पाणी बंद केले. तीन महिन्यांत भेगा भरल्या. खानावळ आजही चालू आहे. दर हिवाळ्यात इसब डोके वर काढतो. मध्यंतरी त्या भेटल्या तेव्हा मी विचारले, "गेला का इसब?" त्या म्हणाल्या, "जातो-येतो हो. पण आता तो येणार हे मला आधी कळतं, आणि त्याच दिवशी मी कांद्याला हात लावत नाही."