दारांत पोलीस आले असतां

उत्पत्तीच्या पुस्तकाच्या ३१ व्या अध्यायांत एका झडतीची हकीकत आहे. याकोब आपलीं बायकामुलें व गुरेंढोरें घेऊन सासऱ्याच्या घरून निघाला. लाबान त्याचा पाठलाग करीत गिलादाच्या डोंगरापाशीं आला, व माझे गृहदेव कां चोरून आणिलेस, असें त्यानें त्यास विचारिलें. याकोबास यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें. त्यानें मोठ्या आवेशानें सांगितलें कीं, भाऊबंदांच्या समक्ष तुझें जें असेल तें शोधून काढ, आणि ज्याच्यापाशीं तुझे देव सांपडतील तो जिवंत राहावयाचा नाहीं. लाबानानें एकामागून एक सारे तंबू धुंडाळिले. देव होते राहेलीजवळ. उंटाच्या खोगिरांत ते ठेवून ती वर बसली होती. आपल्या लाडक्या पत्नीच्याच गळ्याभोंवतीं आपण फांस टाकला, हें त्या भल्या माणसास कळलेंही नाहीं.

हा पाठ नववीच्या वर्गांत झाला, तेव्हां मागच्या बांकावरील एका मुलानें विचारिलें, "सर, उद्यां पोलीस आमच्या घरीं आले आणि आंत बघूं द्या म्हणाले, तर बघूं द्यावें कीं नाहीं?" वर्ग हंसला. आम्ही हंसलों नाहीं. कारण प्रश्न थट्टेचा नव्हता हें विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर दिसत होतें. इतक्यांत घंटा झाली व उत्तर अर्धेंच राहिलें. तें येथें पुरें करितों. पालकांनींही तें वाचावें अशी आमची विनंति आहे, कारण दार उघडण्याचें काम बहुधा त्यांसच करावें लागतें.

याकोबानें एक गोष्ट बरोबर केली व एक चुकली. शोध भाऊबंदांच्या समक्ष व्हावा असें तो म्हणाला, हें बरोबर. परंतु आपल्या तंबूंत कोणाचें काय आहे हें ठाऊक नसतां त्यानें सर्वांच्या वतीनें वचन देऊन टाकिलें, ही चूक. "आमच्याजवळ लपविण्यासारखें कांहीं नाहीं, पाहिजे तें पाहा," असें म्हणणारीं सज्जन माणसें आपल्यांत पुष्कळ आहेत. त्यांच्या सज्जनपणाविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण घर एकट्या धन्याचें नसतें. त्यांत मुलीचीं पत्रें असतात, आईच्या दुखण्याचे कागद असतात, चार दिवसांकरितां आलेल्या भाच्याची पेटी असते. लपविण्यासारखें नसलेलेंही पुष्कळसें चारचौघांत मांडण्यासारखें नसतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. पोलीस अंमलदार दारांत येऊन "जरा आंत पाहूं का?" असें म्हणतो, तेव्हां तो हुकूम करीत आहे कीं विनंति करीत आहे, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. साधारणतः त्याला घरांत येण्याचे मार्ग तीन. न्यायालयाचें झडतीचें वॉरंट असेल तर तो हुकूम आहे. दार उघडलें पाहिजे, नाहीं तर तें बळानेंही उघडण्याचा त्याला अधिकार पोहोंचतो. वॉरंट नसतांही, एखाद्या गुन्ह्याचा तपास चालू असून पाहिजे असलेली वस्तु विलंब केल्यास हातची जाईल असें मानण्यास सबळ कारण असेल, तर पोलीस ठाण्याच्या मुख्य अधिकाऱ्यास किंवा तपासी अधिकाऱ्यास झडती घेतां येते. मात्र तीं कारणें व शोधावयाची वस्तु त्यानें अगोदर लिहून ठेविली पाहिजेत. तिसरा मार्ग तुमच्या संमतीचा. ज्याच्याजवळ पहिले दोन नसतात तो तिसऱ्याची वाट धरतो, आणि ती विनंति असते. ती नाकारणें हा गुन्हा नव्हे, व नाकारली म्हणून कोणी चोर ठरत नाहीं.

हुकूम कीं विनंति हें कळावयाचें कसें? विचारून. "साहेब, आपणांजवळ वॉरंट आहे काय? नसल्यास कोणत्या गुन्ह्याच्या तपासांत व कोणत्या कलमाखालीं झडती घेत आहां?" एवढें शांतपणें विचारावें. वॉरंट दाखविल्यास तें वाचावें: घर आपलेंच आहे ना, न्यायालयाचा शिक्का आहे ना, न्यायाधीशाची सही आहे ना. वाचण्यास दोन मिनिटें लागतात, व तीं मागण्यांत उद्धटपणा नाहीं. अधिकार नसून नुसती विनंतीच असेल, तर "माझी संमति नाहीं, पण कायदेशीर हुकूम आणल्यास मी आड येणार नाहीं," असें म्हणावें. इतकें सांगूनही अंमलदार आंत शिरलाच, तर दारांत आडवें होऊं नये, हात धरूं नये, आरडाओरड करूं नये. संमति नव्हती हें शेजाऱ्यांच्या कानीं पडेल असें एकदां स्पष्ट सांगावें, कोण आले व किती वाजतां आले हें लिहून ठेवावें, आणि भांडण न्यायालयासाठीं राखून ठेवावें.

प्रेषितांच्या कृत्यांच्या २२ व्या अध्यायांत यरुशलेमेंत पौलास फटके मारण्यासाठीं वाद्यांनीं ताणून बांधलें, तेव्हां त्यानें शिपायास लाथ मारिली नाहीं. जवळ उभ्या असलेल्या शताधिपतीस त्यानें एक प्रश्न विचारिला: रोमी मनुष्यास न्याय न करितां फटके मारणें कायदेशीर आहे काय? तेवढ्यानें चौकशी करणारे मागें सरले, आणि सरदारासही भय वाटलें. आमच्या समाजांत नम्रता म्हणजे मुकेपणा असा एक गैरसमज आहे. पौल नम्र होता, पण मुका नव्हता.

हिंदुस्थानांतील झडतीचे नियम कांहीं नवे नव्हेत. १८९८ च्या फौजदारी संहितेंत साक्षीदारांसमक्ष झडती घेण्याचें कलम १०३ वें होतें. १९७३ च्या संहितेंत तें १०० वें झालें. आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत गंमतीची गोष्ट अशी कीं तें पुन्हां १०३ वें झालें आहे. त्यांतील मुख्य भाग तोच आहे. त्या भागांतील निदान दोन स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवावेत. झडतीच्या वेळीं घरधन्यास किंवा त्याच्या वतीनें कोणास हजर राहूं द्यावें. जप्त केलेल्या प्रत्येक वस्तूची व ती जेथें सांपडली त्या जागेची यादी करून तीवर पंचांच्या सह्या घ्याव्यात. आणि त्या यादीची नक्कल घरधन्यास द्यावी. स्त्रीच्या अंगाची झडती स्त्रीनेंच, मर्यादा पाळून, घ्यावयाची. यास अपवाद नाहीं, व मुलींनीं हें वाक्य पाठ करून ठेवावें. नव्या संहितेंत भर पडली ती चित्रणाची. कलम १०५ प्रमाणें झडतीचें, यादी लिहिण्याचें व सह्यांचें आवाजासह चित्रण करून तें विनाविलंब मॅजिस्ट्रेटाकडे पाठविलें पाहिजे. त्यासाठीं साधा मोबाईलही चालतो. वॉरंटाशिवाय कलम १८५ खालीं झडती झाली असेल, तर कारणांची नोंद ४८ तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटाकडे गेली पाहिजे, आणि घरधन्यानें अर्ज केल्यास तिची नक्कल त्यास फुकट मिळते.

हे नियम पोलिसांस अडविण्यासाठीं केले असें कोणास वाटेल. आमच्या शाळेंत पोलीस लाइनींतलीं मुलें शिकतात. त्यांच्या वडिलांस विचारा. "ही पुडी त्यांनींच ठेविली" असा आरोप होतो, तेव्हां प्रामाणिक हवालदाराची अब्रू वांचविणारे पंच आणि यादीच असतात. योसेफाच्या कारभाऱ्यानें बन्यामिनाच्या गोणींत चांदीचा प्याला स्वतः ठेविला व मग थोरल्यापासून धाकट्यापर्यंत साऱ्यांच्या गोण्या तपासून तो काढून दाखविला, ही हकीकत उत्पत्तीच्याच ४४ व्या अध्यायांत आहे. गोणी उतरतांना कोणी पंच पाहत असता तर ती युक्ति साधली नसती. (योसेफाचा हेतु निराळा होता हें आम्ही जाणतों, भावांच्या जिवाचें मात्र पाणी झालें.)

एक गोष्ट मात्र साफ सांगितली पाहिजे. झडतींत कांहीं चूक झाली म्हणजे सांपडलेली वस्तु पुराव्यांतून आपोआप बाद होते, असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें १९७३ सालीं पूरणमल यांच्या प्रकरणांत ठरविलें कीं, झडती बेकायदा होती एवढ्याच कारणानें तींत मिळालेला पुरावा टाकून देतां येत नाहीं. म्हणून नंतर वकिलाच्या चातुर्यावर विसंबण्यापेक्षां त्या वेळींच डोळे उघडे ठेवणें बरें. अमली पदार्थांच्या कायद्यांत मात्र एक विशेष हक्क आहे. १९८५ च्या त्या कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणें, अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेट यांच्यासमोर व्हावी असें मागतां येतें, व हा हक्क पोलिसांनीं आपण होऊन सांगितला पाहिजे, असें घटनापीठानें १९९९ सालीं ठरविलें. हें अंगाच्या झडतीविषयीं आहे. हातांतील पिशवीला तें लागू नाहीं. वसतिगृहांत राहणाऱ्या मोठ्या मुलांनीं हें ध्यानांत ठेवावें, आणि दुसऱ्याची पिशवी "जरा धर" म्हटल्यानें धरूं नये.

घराच्या उंबरठ्याचा मान आपल्या शास्त्रांतही आहे. अनुवादाच्या २४ व्या अध्यायांत मोशेनें सावकारासंबंधीं नियम घातला आहे: गहाण घ्यावयास गेलास तर ऋणकोच्या घरांत शिरूं नकोस, बाहेर उभा राहा, गहाण तोच बाहेर आणून देईल. पैसे खरोखरीच देणें असलें तरी हा नियम! आपल्या देशाच्या न्यायालयांस येथवर पोहोंचण्यास कांहीं वर्षें लागलीं. संयुक्त प्रांतांतील खडकसिंग नांवाच्या मनुष्यावर १९४१ सालीं दरोड्याचा आरोप आला; पुरावा नाहीं म्हणून तो सुटला. तरी पोलिसांनीं त्याच्या नांवाचा कागद उघडला, आणि गांवचा चौकीदार व शिपाई अपरात्रीं येऊन दार ठोठावीत व त्यास झोंपेंतून उठवीत. तो सर्वोच्च न्यायालयांत गेला. १८ डिसेंबर १९६२ रोजीं सहा न्यायाधीशांनीं रात्रीच्या त्या फेऱ्या घटनाबाह्य ठरविल्या; पण खासगीपणाचा हक्क म्हणून घटनेंत कांहीं नाहीं, असेंही बहुमतानें म्हटलें. न्यायमूर्ति सुब्बाराव यांस तें पटलें नाहीं व त्यांनीं आपलें वेगळें मत नोंदविलें. पुढें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं निवृत्त न्यायमूर्ति पुट्टस्वामी यांच्या अर्जावर नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें निकाल दिला कीं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, व त्यावर मर्यादा घालावयाची तर ती कायद्यानें, योग्य हेतूनें व बेताचीच असली पाहिजे. अल्पमताचा न्यायाधीश ५५ वर्षांनीं जिंकला, हें वादविवादमंडळाच्या मुलांस आवडेल.

मोबाईलविषयीं विद्यार्थी हटकून विचारतात. रस्त्यांत कोणी "फोन उघडून दाखव" म्हटलें, तर तीही आधीं विनंतीच समजावी व वरचाच प्रश्न विचारावा. तपासासाठीं फोन हजर करण्याचा लेखी हुकूम ९४ व्या कलमाखालीं निघूं शकतो. तसा निघाल्यास फोन लपविणें किंवा त्यांतील मजकूर पुसून टाकणें हा मूर्खपणा आहे, व गुन्हाही. फोन घेतल्यास त्याचा क्रमांक व त्याची स्थिति यादींत लिहवून घ्यावी.

आणि घरांत मूल एकटें असेल तर? दाराशीं उभें राहून म्हणावें, "आईबाबा घरीं नाहींत, मी त्यांना फोन करतों," आणि शेजारच्या काकूंना हांक मारावी. मोठ्यांच्या वतीनें संमति देण्याचें ओझें मुलानें उचलूं नये.

पंच होण्याची पाळी आपणांवरही येते. लेखी हुकूम होऊनही सबळ कारणाशिवाय पंच होण्याचें नाकारणें हा गुन्हा आहे. पण त्याहून वाईट म्हणजे ओसरीवर चहा घेत बसून शेवटीं न वाचतां सही ठोकणें. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हांस एका वृद्ध विधवा बाईंच्या घरीं असें बोलावणें आलें. त्यांच्या पुतण्यावर चांदीच्या चोरीचा संशय होता. वॉरंट होतें, अंमलदारही सभ्य होते. रात्रीं दहाच्या सुमारास यादी आमच्यापुढें आली. तींत लिहिलें होतें: "लोखंडी ट्रंक १, आंतील किरकोळ सामानासह." आम्हीं म्हटलें, "साहेब, किरकोळ म्हणजे काय काय तें मोजूं या." "मास्तर, अजून दोन घरें व्हायचीं आहेत," ते जरा त्रासून म्हणाले. आम्हीं सांगितलें कीं, पाहिलें व मोजलें तेवढ्यावरच आम्हांला सही करतां येईल. ते क्षणभर थांबले, मग खुर्ची ओढून बसले व ट्रंक उघडविली. बाप्तिस्म्याचे दाखले २, पोस्टाचें पासबुक १, चांदीचे चमचे ६, रोख रुपये ३,२१०, आणि फितीनें बांधलेलीं ४१ पत्रें. पत्रें बाईंच्या यजमानांचीं होतीं. अंमलदारांनीं वरचें एक पाहिलें, घडी घातली व "हीं आम्हांला नकोत" म्हणून दाखले, पासबुक, पत्रें व पैसे तेथेंच परत केले. चमचे यादीवर चढले. बाईंनीं नक्कल आपल्या शास्त्रांत ठेविली.

चमचे त्यांचेच होते असें पुढें ठरलें, व दीड वर्षानें परत नेण्याचा हुकूम झाला. आम्ही बाईंबरोबर गेलों. हातांत आले ते पांच. बाईंनीं कांहीं न बोलतां नक्कल टेबलावर ठेविली. तींत सहा लिहिलेले होते, म्हणून मुद्देमालाच्या खोलींत पुन्हां शोध झाला, आणि सहावा चमचा दुसऱ्याच एका खटल्याच्या पाकिटांत निघाला.