समान मूल्ये आणि क्रमांकांचा न्याय

आमवाताच्या रुग्णपत्रकात संधिशूल, स्तंभ, शोथ ही लक्षणे आपण ० ते ३ अशा श्रेणींत नोंदवितो. वेदनेच्या असंख्य छटा चार आकड्यांत बसविल्या की अनेक रुग्णांच्या वाट्याला एकच आकडा येणे अपरिहार्य ठरते. रक्तदाब दहाच्या पटीत लिहिण्याच्या सवयीनेही हेच घडते. अशा समान मूल्यांचे विश्लेषण कसे करावे, हा या पाठाचा विषय आहे.

चिकित्सेपूर्वीच्या व नंतरच्या श्रेणींची तुलना करण्यासाठी फ्रँक विलकॉक्सन यांनी १९४५ मध्ये मांडलेली चाचणी वापरली जाते. तीत फरकांना चिन्ह बाजूस ठेवून लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमांक देतात आणि मग वाढ व घट यांच्या क्रमांकांची स्वतंत्र बेरीज करतात.

आम्ही एक कल्पित उदाहरण घेतो. दहा रुग्णांपैकी चौघांचा संधिशूल १ श्रेणीने, दोघांचा २ ने व एकाचा ३ ने उतरला. एकाचा १ ने वाढला. दोघांत फरक नाही. शून्य फरक वगळता आठ रुग्ण उरतात. त्यांपैकी पाच जणांचा फरक १ आहे. त्यांना नोंदवहीतील अनुक्रमाने १ ते ५ क्रमांक दिले, तर वेदना वाढलेला रुग्ण पहिला आल्यास घटक-संभाव्यता (पी) ०.०१६ येते, पाचवा आल्यास ०.०७८. म्हणजे औषध गुणकारी ठरणे वा न ठरणे रुग्ण कोणत्या दिवशी आला यावर अवलंबून राहते!

यावर उपाय सरासरी क्रमांकाचा. १ ते ५ यांची सरासरी ३. ती पाचही जणांना द्यावी. २ फरकाच्या दोघांना ६.५ व शेवटच्याला ८. एकूण बेरीज ३६ च राहते. वाढीच्या बाजूस ३ येतात. मात्र छापील कोष्टके समान मूल्ये नाहीत असे गृहीत धरतात. म्हणून पी संगणकाने या क्रमांकांवरून थेट काढावी. येथे ती ०.०४७ येते.

अहवालात तीन गोष्टी अवश्य लिहाव्यात: समान मूल्ये किती होती, शून्य फरकाचे रुग्ण किती वगळले आणि क्रमांक कोणत्या रीतीने दिले. उपशय न मिळालेले रुग्ण गणितातून वगळले, तरी वृत्तांतातून वगळू नयेत.

सर्वांत उत्तम उपाय नोंदीच्या वेळीच करता येतो. रक्तदाब २ मिमीपर्यंत वाचावा, वटीचे वजन तराजू दाखवील तितक्या सूक्ष्मतेने लिहावे. एकदा गमावलेली सूक्ष्मता कोणतेही गणित परत देऊ शकत नाही.