पुडा उलटा करून वाचा

मुलांच्या डब्यात झटपट नूडल्स, संध्याकाळी पाच रुपयांचा चटपटीत पुडा, रविवारी गाडीवरचे मंचुरियन. आपल्या वस्तीत हे आता घरोघरी चालते. असे खाल्ल्यावर काहींचे डोके दुखते, चेहरा गरम होतो. मग भगिनी विचारतात, अजिनोमोटो टाळायचा कसा?

अजिनोमोटो हे कंपनीचे नाव. पदार्थाचे नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. १९०८ साली जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी तो समुद्री शेवाळापासून वेगळा काढला. टोमॅटोतही ग्लुटामेट असतेच. नेहमीच्या प्रमाणात बहुतेकांना त्याचा अपाय होत नाही, म्हणून घाबरू नये. पण ज्यांना त्रास होतो त्यांनी तो टाळावा. वर्षाच्या आतील बाळाला तर देऊच नये.

पुडा घेताना आपण एवढे पाहू :

१. मागच्या बाजूला 'इन्ग्रेडिएंट्स' शोधा. त्यात 'फ्लेवर एन्हान्सर ६२१' दिसले तर तो हाच पदार्थ.

२. ६२७, ६३१, ६३५ हे दुसरे चववर्धक आहेत. ते बहुधा ग्लुटामेटच्या जोडीने घालतात. आकडा दिसला की यादी पुन्हा वाचा.

३. 'यीस्ट एक्स्ट्रॅक्ट' आणि 'हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन' यांतही ग्लुटामेट असते. म्हणून 'नो ॲडेड एमएसजी' एवढ्यावर विसंबू नका.

४. अगदी लहान पुडीवर यादी छापण्याची सक्ती नाही. ती मोठ्या पाकिटावर किंवा खोक्यावर असते. दुकानदाराला ते दाखवायला सांगा.

५. गाडीवरच्या खाण्याला लेबल नसते. 'अजिनोमोटो घालू नका' म्हटले तरी सॉसमध्ये तो असू शकतो.

आता खरी काळजीची गोष्ट. ६२१ नसले तरी मीठ असतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे, म्हणजे पाच ग्रॅमहून कमी मीठ. समजा, पुड्यावर १०० ग्रॅमला १००० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे आणि पुडा ७० ग्रॅमचा आहे. म्हणजे एका पुड्यात ७०० मिलिग्रॅम, दिवसाच्या मर्यादेचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त! घरात ब्लडप्रेशरचे आजी-आजोबा असतील तर हा आकडा आधी पाहा.

लेबल बहुधा इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असते. घरातल्या शाळकरी मुलीला ते मोठ्याने वाचायला सांगा. तिचा अभ्यास होईल, आणि आपण काय खातो ते सगळ्या घराला कळेल.